वाऱ्याचं कोठार

उभ्या माळव्यात माझ्या मेहुण्यांइतका बोलायला आसुसलेला माणूस सापडणार नाही, आणि बोलता बोलता समोरच्या इतक्या माणसांना झोपलेलं पाहण्याचा योगही दुसऱ्या कुणाला आला नसेल. इंदूरच्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना जीजाजी म्हणतो. ताई गेली, मुलगा बंगळुरूला. तेव्हा शहरातल्या फ्लॅटला कुलूप लावून त्यांनी देपालपूरच्या वाटेवर, शेताच्या मधोमध, घर बांधायला घेतलं. घर म्हणजे धान्याच्या कोठारासारखं: उंच उतरतं पत्र्याचं छप्पर, खाली गवताचा थर, आढ्यापाशी गरम हवा निघून जायला लांबलचक फट, आणि काळी माती फुगते-भेगाळते म्हणून सगळं दगडी खांबांवर. आर्किटेक्ट मुलगी त्याला ‘बार्न’ म्हणायची आणि तिच्या चेहऱ्यावर आदर दिसायचा. बांधायच्या आधी जीजाजींनी वर्षभर शेतात आठ बांबू रोवले, त्यांना ताईच्या सुती साड्यांच्या पट्ट्या बांधल्या आणि वारा कुठून कधी येतो ते वहीत लिहिलं. एका बांबूपाशी कुणीतरी देवाचं ठिकाण समजून नारळही ठेवून गेलं. घर पुरं झालं तेव्हा शेजारचा शेतकरी ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, “बाबूजी, सोयाबीन रखने का क्या लोगे?” जीजाजी खूश! “रचना कळलेला हा पहिला माणूस,” ते म्हणाले. आम्ही सगळे तोवर नुसतं ‘वा, क्या बात है’ म्हणत होतो.

घोटाळा रविवारी व्हायचा. जीजाजी दाल-बाफल्यांचं आमंत्रण देत, आणि कणकेचा गोळा उकडून, भाजून तुपात बुडवलेल्या बाफल्याला नाही म्हणणारा इंदूरकर अजून जन्मायचा आहे. गाड्या भरून नातेवाईक येत. जेवणं होत, सतरंज्या पसरत, पश्चिमेचा वारा जाळीतून बरोब्बर योजल्या जागी येई, आणि जीजाजी घसा साफ करून सुरू करीत, “ऐका, हे घर असं का बांधलं...” माझा चुलतभाऊ “भिया, हवा तो गजब है” एवढं म्हणून आडवा होई. दक्षिणेच्या खिडकीपर्यंत विषय पोचेतो अर्ध्या कोठारात घोरणं सुरू. त्यात मीही असे, हे कबूल केलं पाहिजे. ते गुपचूप उठून एकेकाच्या अंगावर चादर टाकत. पाचला चहा झाला की मंडळी निघत. “जीजाजी, ऐसी नींद तो घर पे भी नहीं आती!” एकदा त्यांनी खिडक्या बंद ठेवल्या, लोक तीनलाच निघाले. एकदा बाफल्यांऐवजी खिचडी जाहीर केली. त्या रविवारी कुणीच आलं नाही. वाऱ्याचा एवढा अभ्यास केलेल्या माणसानं बाफल्याचा जरा करायला हवा होता.

मागच्या महिन्यात मी एका गुरुवारी एकटाच गेलो, वाटेत दोनदा कॉफी पिऊन. “सालेसाहब, खिचडीच आहे हं,” ते दारातूनच म्हणाले. जेवणानंतर आम्ही पश्चिमेच्या खिडकीशी बसलो. तिथे दोन खुर्च्या आहेत. दुसरीत मी पहिल्यांदाच बसत होतो. ते माझ्याकडे जरा संशयानं बघत होते. मी डोळे उघडे ठेवले.

“फ्लॅटची पश्चिमेची भिंत तापायची,” ते म्हणाले. “शेवटच्या उन्हाळ्यात तुझ्या ताईला कूलरचा आवाज सोसवेना. बंद करायचो आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचो. ती म्हणायची, तुम्ही बोलत राहा, मी जागी आहे. तेव्हा मी तिला सांगायचो, असं एक घर बांधू की पुठ्ठा...”

पुढचं आलं नाही. मी पाहिलं तर जीजाजींची मान कलली होती. या घरात दुपारी त्यांना झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दुसरं कुणी जागं असेल तेव्हा ना! मी चादर आणून त्यांच्या अंगावर टाकली आणि बसून राहिलो. वारा खरोखरच फार चांगला येतो.

उन्हं उतरली, तशी मी निघायच्या बेतानं गाडीची किल्ली काढली. तेवढ्या आवाजानं ते जागे झाले, ओशाळले.

“कुठवर आलो होतो रे?”

“पुठ्ठ्यापर्यंत.”

“हां,” म्हणत ते सरळ बसले. मी किल्ली परत खिशात टाकली.