सिंदीच्या मांडवातले तांदळाचे ताट

प्रिय मीरा आणि निखिल,

सकाळच्या पॅसेंजरने वर्ध्याहून सिंदी (रेल्वे)ला निघाले. पिशवीत पाण्याची बाटली, आहेराची साडी आणि मीरा, तुझ्या ई-मेलची छापील प्रत होती. कॉलेजात शिकलेला ‘उत्तर-स्त्रीवाद’ तू त्यात समजावून लिहिला आहेस. काहींच्या मते आधीच्या बायकांची लढाई जिंकून झाली, आता जिने तिने आपल्या आवडीने निवडावे, नटावे, जगावे. काहींना लढाई संपली हेच मान्य नाही. “आजी, तुला काय वाटतं?” या तुझ्या प्रश्नाला मी उत्तर दिले नव्हते.

लग्न होते माझी जुनी विद्यार्थिनी शोभा हिच्या लेकीचे. लेकीचे नाव अंतकला. चौथीही मुलगीच झाली, तेव्हा आता पुरे म्हणून आजोबांनी ठेवलेले. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो. माझेही असेच बदलले, मला न विचारता. म्हणून अंतकलाला बजावायचे ठरवले होते, नाव बदलू देऊ नकोस.

स्टेशनवरून रिक्षा निघाली ती नेमकी कापसाच्या ट्रकमागे. सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीपर्यंत कापूस उडत होता आणि माझ्या रेशमी साडीवर बसत होता. दारातच शोभा हसली, “बाई, तुमची सरकी काढाची राह्यली का?” तिने आणि मी मिळून साडी झटकली.

आत मैत्रीण नवरीला लिपस्टिक लावत होती. अंतकला गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवते. मी भाषण सुरू केले, तिने मधेच थांबवले.

“आजी, हे नाव मी काऊन (का) ठेवू? मी नको होती म्हणून ठेवलं ते! मले तं बदलाचंच आहे. मोनाली. मी निवडलं.”

मोनाली! माझ्या कपाळावर आठी पडली असणार.

“तुम्हाले आवडलं नाई ना? चालते. पण तिकडच्या आत्यानं प्रभावती ठरवलं आहे. नवरा प्रकाश, म्हणून प्रभावती. मले विचारलं बी नाई.”

भाषण तिथेच संपले. आता मलाही एवढेच हवे होते की तांदळावर तिचेच नाव उमटावे.

मंगलाष्टके झाली. ताट आले. प्रकाशने अंगठी तांदळावर टेकवली, ‘प्र’ काढला, आणि नवरीने त्याचे मनगट धरले.

“अहो, थांबा. मी लिहितो.”

(इकडे बायकाही ‘मी लिहितो’ म्हणतात.) आत्या पुढे सरसावल्या. “नवरी काऊन लिहिते? आमच्यात अशी रीत नाई!”

प्रकाशने आत्याकडे पाहिले, मग नवरीकडे. “लिहू दे ना आत्या. माहं अक्षर पाहून मास्तर रडत होते,” म्हणाला आणि अंगठी तिच्या हातात दिली. तिने ‘प्र’ पुसला आणि सावकाश, फळ्यावर लिहावे तसे, मोनाली लिहिले. मैत्रिणींनी एवढा गलका केला की बँडवाल्यांना इशारा वाटला आणि ते वाजवू लागले.

जेवणात वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी आणि मठ्ठा. आत्या शेजारीच बसल्या होत्या, फुगून. मी विचारले, “आत्याबाई, माहेरी तुमचं नाव काय होतं?”

त्यांचा घास हातातच राहिला. “चंपा,” त्या म्हणाल्या. “पण कोनी कधी विचारलंच नाई.” मग बुंदी वाढणाऱ्याला त्यांनी हाक मारली, “या बाईंले अजून वाढजो!”

संध्याकाळच्या गाडीत तुझी ई-मेल पुन्हा वाचली, मीरा. निवड आवडीची असावी, हे मला पटले. मोनाली मला अजूनही आवडत नाही, आणि तिने ते माझ्यासाठी निवडलेही नाही. पण ती निवड तांदळावर उतरवायला एक मनगट धरावे लागले. तुझ्या कॉलेजात कदाचित लागत नसेल. सिंदीत आज दुपारी लागले. म्हणून लढाई संपली असे मी म्हणणार नाही. बुंदी खाऊन पुढे लढता येते, इतपत ती सोपी झाली आहे.

घरी आल्यावर वाटले, मी आत्याबाईंना विचारली ती गोष्ट तुम्हा दोघांनाही मला कधी विचारावीशी वाटली नाही. न विचारताच सांगते, खाली सही करून.

तुमची आजी,
कृष्णा