माझ्या फोनवरून झालेली बैठक

डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळ, शिरूर, आमचं घर. हजर: मी, माझा नवरा, माझी नणंद आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी. ते दोघं खुटबावहून आले होते. गैरहजर: आमची मुलगी. ती घरातच होती, पण दाजी आले की ती बाहेर येत नाही आणि मी तिला ये म्हणत नाही.

त्याचं कारण आधी सांगून टाकते. गेल्या वर्षी तिच्या लग्नाची बैठक आमच्याच हॉलमध्ये बसली होती. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती, उरलं होतं ते मोठ्यांचं बोलणं. बैठकीत आमच्याकडे पुरुष बोलतात, आणि आमच्या घरात पुरुष म्हणजे दाजी, कारण ते जावई, शिवाय आवाज मोठा. मुलगी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्टची नोकरी. मुलाकडच्यांनी विचारलं, पुढं नोकरी करणार का? दाजींनी कुणाकडेही न बघता उत्तर दिलं, "सोडंल की. कशाला पायजे शिफ्ट-बिफ्ट." स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी म्हणाली, मी सोडणार नाही. पोहे तसेच राहिले. नंतर निरोप आला, आपलं जमायचं नाही. दाजी मात्र भावकीत सांगत फिरले की पोरगीच उद्धट, आई दिवसभर कंपनीत याद्या करत बसणार, पोरीला वळण कोण लावणार. मी तेव्हा काही बोलले नाही. विसरलेही नाही.

तर त्या रविवारी विषय होता व्हिएतनामच्या सहलीचा. नणंदेची हौस होती, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती कोकणापलीकडे गेली नव्हती. चौघांचं बुकिंग झालं होतं. कंपनीत माझं काम ॲडमिनचं, साहेब लोकांची परदेशातली तिकिटं, व्हिसा, फोन सगळं मीच बघते. त्यामुळे फोनचं मी सगळ्यांना नीट सांगितलं. इथूनच आपल्या सिमच्या कंपनीचं रोमिंग पॅक घेतलं तर सोपं पडतं, पण महाग. तिथलं सिम विमानतळावर घेतलं किंवा इथूनच ई-सिम भरून नेलं तर नेट स्वस्तात मिळतं. आणि काहीच नको असेल तर हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप कॉल करायचे, बाहेर पडलं की फोन गप्प. चौघांत एकानं तिथलं नेट घेऊन बाकीच्यांना हॉटस्पॉट दिला तर सगळ्यांत कमी खर्च. आपलं इथलं सिम काढायचं नाही, बँकेचे ओटीपी त्यावर येतात, फक्त डेटा रोमिंग बंद ठेवायचं आणि त्या सिमवरून फोन लावायचा नाही, आलेला उचलायचाही नाही.

दाजी ऐकून हसले. "वहिनी, तुम्ही माणसं फिरायला नेताय का फोन?" मग खिशातून फोन काढून म्हणाले, "आपला मोठा प्लॅन हाय. पोराकडून सगळं चालू करून घेतलंय. कुठंबी चालतो." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरं. दाजींना दुसऱ्यांदा सांगायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं.

मी माझ्या फोनमध्ये ई-सिम घेतलं. नवऱ्याला हॉटस्पॉट. नणंदेचा फोन साधा, तिला हॉटेलच्या वायफायवर व्हिडिओ कॉल लावायला शिकवला. दाजी आपल्या मोठ्या प्लॅनवर.

हनोईला पोचल्या पोचल्या त्यांनी पहिला फोन लावला तो मोटारीला. आमच्याकडे विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरमध्येही एक सिम असतं. त्या नंबरवर फोन लावला की तो उचलतो, लाईट आहे की नाही सांगतो, मग आकडा दाबला की मोटार चालू. सगळं खुटबाव याला मिस्ड कॉल म्हणतं. पूर्वीची मशीन फोन न उचलताच चालू व्हायची, तेव्हापासूनचं नाव. दाजींनी स्टार्टरला फक्त स्वतःचा नंबर जोडलेला. पोराचाही नाही, कारण त्यांचं म्हणणं, पाणी कवा सोडायचं ते मी ठरवणार. हॉटेलच्या दारात उभं राहून ते लाईट आली का बघत होते, न्हाई आली की परत लावत होते. सहलीच्या ग्रुपमधल्या लोकांना दाखवत होते, बघा, इथून तिथं पाणी चालू. लोक कौतुक करत होते. मला माहीत होतं की प्रत्येक वेळी स्टार्टर फोन उचलतोय आणि तो परदेशातून लावलेला फोन आहे. मी कौतुक करणाऱ्यांत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन बंद पडला. बिलाची मर्यादा संपली म्हणून कंपनीनं लाईन तोडली, तसा मेसेज आला होता. दाजी म्हणाले, मशीनमध्ये बिघाड असंल.

त्याच संध्याकाळी भाच्याचा, म्हणजे दाजींच्या पोराचा, मला मेसेज आला. दौंडच्या एका मुलीशी त्याच्या लग्नाचं चाललं होतं, दोघांच्या मनात होतं आणि घरच्यांनाही पसंत होतं. मुलीचा मामा सुट्टीवर आला होता, तो परत जायच्या आत बैठक उरकायची म्हणून त्यांनी उद्याचीच वेळ धरली होती. चुलते जाणार होते, पण शब्द द्यायला वडील पाहिजेत, म्हणून दाजींनी व्हिडिओवर बसायचं. भाच्यानं लिहिलं होतं, "मामी, पप्पांचा फोन लागत न्हाई. उद्या काय गडबड नको व्हायला. तुम्हीच बघा." मुलीच्या मामाला पटलं नाही तर सगळं अडणार, हेही त्याच मेसेजमध्ये होतं.

बैठकीच्या वेळेला आम्ही हॅलाँग बेच्या रस्त्याला बसमध्ये असणार होतो. बसमध्ये वायफाय नव्हतं.

सकाळी दाजी माझ्या मागच्या सीटवर येऊन बसले. थोडा वेळ खिडकीबाहेरच्या भातखाचरांबद्दल बोलले. मग म्हणाले, "वहिनी, ते तुमचं चालू करा जरा."

"काय चालू करू?"

"ते हॉटस्पॉट."

"तुमचा तर कुठंबी चालतो ना, दाजी?"

नणंद माझ्याकडे बघत होती. मी खरं सांगते, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. इथं रेंज नाही एवढं म्हणून फोन पर्समध्ये टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. तिकडे दौंडला लोक रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसले असते आणि नंतर दाजींना भावकीत तोंड दाखवता आलं नसतं. तो विचार मी घाईघाईत नाही, सावकाश केला. अडचण एकच होती, त्यात मार दाजींना बसला असता आणि लग्न मात्र पोराचं गेलं असतं. माझ्या मुलीचं गेलं तसं. भाचा तिच्याहून लहान, माझ्या हातचं खाऊन वाढलेला.

म्हणून मी हॉटस्पॉट दिला नाही. माझ्याच फोनवरून भाच्याला व्हिडिओ कॉल लावला, तो उचलताच फोन नणंदेच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी मी बसले. दाजी मागच्या सीटवर, कॅमेऱ्याच्या बाहेर. नवरा हळूच म्हणाला, "बोल ताई."

समोर सतरंजीवर पुरुष बसलेले, फोन बहुतेक तांब्याला टेकवून ठेवलेला. कुणीतरी विचारलं, पाव्हणे कुठायत? नणंद म्हणाली, हायत मागं, त्यांचा फोन बंद पडलाय, मीच बोलते. तिकडे जरा कुजबुज झाली. मग मुलीचा मामा पुढं सरकून म्हणाला, पोरगी दौंडला दवाखान्यात नर्स आहे, तिला नाइट असते, लग्नानंतर यावरून कटकट नको, आत्ताच काय ते सांगा.

दाजी दोन सीटांच्या मधून डोकं घालू लागले. मी माझा खांदा मध्ये घातला.

नणंदेनं फोन जरा वर धरला. मग म्हणाली, "तिची नाइट असंल तवा सकाळचा च्या मी करीन. नोकरी तिनं सोडायची न्हाई. आमच्या भावाच्या पोरीच्या बैठकीत पोरीला न विचारता सोडंल म्हणून सांगितलं होतं. आमच्या ह्यांनीच. चांगलं जमलेलं मोडलं."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. वर्षभर ती माझ्यासमोर याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. तिकडे दौंडला, दोन्ही घरच्या माणसांसमोर, ते वाक्य सतरंजीवर पडलं होतं. दाजी मागे टेकून बसले. मामा म्हणाला, "ताई, मग प्रश्नच मिटला. साखर वाटा." स्क्रीनवर भाच्याचा चेहरा एकदा आला आणि गेला.

त्या दिवशी बोटीवरून सगळ्यांनी डोंगरांचे फोटो काढले. दाजींनी काढले नाहीत. मी भरपूर काढले आणि तिथूनच भावकीच्या ग्रुपवर टाकले, माझं नेट शिल्लक होतं.

परत आल्यावर दाजींची लाईन तशीच बंद. बिल भरायला ते तयार नाहीत, मी कुणाशी बोललोच न्हाई, मोटारीला मिस्ड कॉल दिला, असं प्रत्येकाला सांगतात. मोटार अडून राहिली म्हणून भाच्यानं स्टार्टरला आईचा नंबर जोडला. आता पाणी कधी सोडायचं ते नणंद ठरवते. मुलीकडचे लोकही साखरपुड्याचं बोलायला तिलाच फोन करतात.

दाजींनी मला निरोप पाठवला, नंतर स्वतः आले. बिल कमी करून मिळावं म्हणून फोनच्या कंपनीला इंग्रजीत मेल लिहायचा आहे, तुम्हाला सवय हाय, तुम्ही लिहा. मी म्हटलं, मला वर्षअखेरीचं काम आहे. आमच्या मुलीला असले मेल माझ्यापेक्षा चांगले जमतात, तिला विचारा. ते म्हणाले, तुम्हीच सांगा की तिला. मी म्हटलं, नाही, तुम्हीच विचारा, आणि काय झालं होतं ते सगळं पहिल्यापासून सांगा, म्हणजे तिला लिहायला सोपं जाईल.

साखरपुडा जवळ आला आहे. त्यांनी तिला अजून विचारलेलं नाही. मेल लिहायचा राहिला आहे.