तिसरी तक्रार

नऊ वर्षं मावशी कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात झाडलोट करत होत्या. तिसरा मजला पहिल्या वर्षाच्या मुलींचा. घरी स्वतःचं ताटसुद्धा न उचललेल्या चाळीस जणी! न्हाणीघराच्या जाळीत रोज मूठभर केस अडकायचे आणि ते मावशीच काढायच्या. त्याबद्दल त्यांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. पण आज रेक्टरबाईंनी तक्रारवही पुढे सरकवली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"न्हाणीघर तुंबलं, मावशी आल्याच नाहीत. खोली नंबर बारा. ही तिसरी तक्रार. तीन झाल्या की काम बंद, माहीत आहे ना?"

"अहो, काल सकाळी सहाला तुम्हीच मला दार उघडलंत!"

"लिहिलंय ते लिहिलंय. तिनं दुपारपर्यंत स्वतः येऊन मागे घेतली तर बघू."

मावशी धापा टाकत तीन जिने चढल्या. बारा नंबरची मुलगी नुकतीच न्हाऊन केस पुसत होती.

"काय गं, तुंबलं होतं काल?"

तिनं टॉवेल खाली ठेवला. मग खरं बोलली. उठायला उशीर झाला, प्रॅक्टिकल बुडलं. वसतिगृहाच्या वहीत न्हाणीघराची तक्रार असली की उशीर माफ होतो आणि कॉलेजात हजेरी लागते.

"सगळ्याच लिहितात, मावशी. तुम्हाला काही होईल असं वाटलंच नाही."

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझी झोप आणि माझ्या पोटावर पाय? पहिल्या आठवड्यात आईसाठी रडून रडून ओकलीस, ते कुणी पुसलं? पाणी तापवायची कॉइल गादीखाली लपवलीयेस, रोज दिसते मला. मी लिहिलं का कुठल्या वहीत?"

"सॉरी, मावशी."

"मला नको. खाली सांग."

"माझी हजेरी जाईल हो!"

"जाऊ दे."

"केस तरी वाळू द्या."

"तशीच चल."

ओल्या केसांनिशी मुलगी खाली गेली आणि चाचरत सगळं सांगून मोकळी झाली. रेक्टरबाईंनी ओळ खोडली. "खरं बोललीस, शाब्बास," असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हातही ठेवला. दारात उभ्या असलेल्या मावशींना मात्र कुणी एका शब्दानं काही म्हणालं नाही.

जिना चढताना मुलीनं हळूच विचारलं, "आता तरी राग गेला ना?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "आधीच्या दोन कुणी लिहिल्या, तेवढं सांग."