घोळीसाठी नांगरलेलं रान

जब्बारभाईंची बायको त्यांना सोडून गेली, असं विश्रांतवाडीत उघड बोलत. बोलणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? खरं तर जुबेदाबी लेकीच्या, तरन्नुमच्या, बाळंतपणाला कोथरूडला गेल्या होत्या. आता नातू पळायला लागला, तरी आजी काही परतत नव्हती, एवढंच.

कोथरूड काही परदेश नव्हे. पण जब्बारभाई तिकडे जायचे, सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे टेकायचे, चहा प्यायचे, जावयाला गाडीचं अॅव्हरेज विचारायचे आणि उठायचे. मनातलं मनातच. उभ्या संसारात त्यांनी बायकोला कधी बोलावलंच नव्हतं. ती असायचीच.

चऱ्होलीच्या वाटेवर त्यांचा शेताचा तुकडा होता. रान वरवर कुळवून पाणी दिलं की तिथं घोळीची भाजी आपोआप वर यायची. बाकीचे ती तण म्हणून उपटून फेकत. जुबेदाबी मात्र पदरात भरून आणायच्या आणि डाळ घालून शिजवायच्या. कोथरूडच्या मंडईतली जुडी नुकत्याच दवाखान्यातून सोडलेल्या पेशंटसारखी दिसते, असं त्या एकदा फोनवर म्हणाल्या, आणि जब्बारभाईंना वाट सापडली.

"इकडं घोळ डोकावतीय," ते म्हणाले. "महिनाअखेरीला काढायला येईल."

"येते मग," जुबेदाबी म्हणाल्या.

आता गंमत अशी, की घोळीचा पत्ता नव्हता. शेतकीची पदवी घेतलेल्या शेजारच्या सौरभने सांगितल्यावरून भाईंनी रान नांगरायचंच सोडलं होतं. पिकाचा काडीकचरा वर पसरलेला, माती हलवायची नाही, म्हणजे तण कमी. झालंही तसंच. पण घोळसुद्धा त्या तणातच जमा.

थाप मारली, आता निभावणं आलं. भाईंनी ट्रॅक्टरवाला गाठला. अर्ध्यामुर्ध्या कामावर त्यांचा विश्वास नव्हताच. चांगला खोल नांगर घाल, खालची माती वर आण, म्हणाले. पलट्या नांगराने रान उलथंपालथं झालं. पाणी दिलं. मग रोज सकाळी म्हातारा सरीवर वाकलेला. भाई, अंगठी पडली का, असं येणारेजाणारे विचारायचे.

वर आला तो लव्हाळा.

सौरभला बोलावलं. त्याने बांधावर बसून कपाळाला हात लावला.

"काका, घोळीचं बी खसखशीएवढं. वरवर माती हलली, त्याला उजेड दिसला, की उगवतं. नुसता कुळव फिरवायचा होता. तुम्ही त्याला तळघरात कोंडलंत."

"मेलं का ते?"

"छे. पडून राहतं वाट बघत. वर्षानुवर्षं."

या धंद्यात आपण एकटे नाही, असं भाईंना वाटलं असावं.

ठरल्या दिवशी जुबेदाबी पिशवी घेऊन थेट शेतावर आल्या. बकऱ्यांनी घोळ खाल्ली, असं सांगायचं भाईंनी घोकून ठेवलं होतं. ऐन वेळी बकऱ्या तोंडाशी आल्याच नाहीत.

"उगवलीच नव्हती," ते म्हणाले. "तू यावंस म्हणून बोललो. घर खायला उठतं, जुबेदा."

जुबेदाबींनी रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारली.

"मग तसंच सांगायचं की, तरन्नुमचे अब्बा. त्यासाठी जमीन कशाला उलथायची?"

"जमत नाही."

"आता जमलं ना."

पण पोरगी नोकरीला जाते, पोराला सांभाळायला घरात दुसरं कुणी नाही. तो शाळेत जाईस्तोवर पाय निघत नाही, हेही त्यांनी सांगितलं. भाईंनी मान डोलावली. त्यांना स्टॉपवर सोडताना स्कूटर इतकी हळू चालवली, की मागच्यांनी आईबापांची चौकशी केली. एरवी तासभर न फिरकणारी बस नेमकी लगेच आली.

ती जुबेदाबींना घेऊन गेली तरी भाई बाकावरच बसून राहिले. कोथरूडची पुढची बस आली.

"काका, यायचं असेल तर चढा. नुसतं बघायला बस थांबत नाही," कंडक्टर म्हणाला.

भाईंनी मान हलवली. हो की नाही, ते काही त्याला कळेना. त्याने बेल मारली.