बोटीवर जेवायला नेसलेला कद

आम्ही नाशिक सोडलं तेव्हा गाडीच्या डिकीत चार बॅगा होत्या आणि त्यांतली एक चुकीची होती. हे आम्हाला कळलं ते थेट समुद्रात गेल्यावर, जिथून परत फिरायची सोय नसते.

मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्रींची बोट. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. सुट्टी मिळवणं हेच तिथे तीर्थयात्रेइतकं अवघड, त्यामुळे बाकीची सगळी तयारी बायकोवर, म्हणजे मंजिरीवर, पडली होती. तिने महिनाभर एकाच प्रश्नाचा अभ्यास केला : बोटीवर मुलांनी जेवायला घालायचं काय? बोटीच्या पत्रकात लिहिलं होतं की रोज वरच्या मजल्यावर काहीही घालून जेवा, पण दुसऱ्या संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये खास जेवण आहे. तिथे लहानांनाही अर्धी चड्डी, चपला आणि टोपी चालणार नाही. कोट, फ्रॉक किंवा आपापला पारंपरिक पोशाख घालावा. शेवटचे तीन शब्द आम्ही वाचून सोडून दिले.

नियमांत टोपी नसती तर मी हे प्रवासवर्णन लिहिलंच नसतं. माझा मुलगा चिन्मय नऊ वर्षांचा. माघात त्याची मुंज झाली. माझे वडील, अण्णा, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगतात. आमच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, माझ्यापाशी येऊन थांबलं. आजकाल मुंजीत केस नुसते बारीक करतात, पण अण्णांनी हट्टाने शास्त्रोक्त घेरा आणि शेंडी ठेवायला लावली. मी गप्प बसलो. शाळेत मधल्या सुट्टीत मुलांनी ती शेंडी ओढली, एकाने तिला रबरबँड लावलं. तेव्हापासून चिन्मयच्या डोक्यावर निळी टोपी आली आणि डबा जसाच्या तसा घरी यायला लागला. महिना झाला, पोरगं चारचौघांत जेवत नव्हतं. हे मला वीज केंद्रातल्या कुठल्याही बिघाडापेक्षा जास्त छळत होतं.

शेवटी मंजिरीने त्याच्याशी तह केला. निळा कोट शिवायचा, सोनेरी गुंड्यांचा. तो घालून खास जेवणाला यायचं, आणि त्या वेळी टोपी काढायची. चिन्मयने दोन दिवस विचार करून होकार दिला. त्याच्यासाठी ही बोट म्हणजे तो कोट होता.

इगतपुरी मागे पडली आणि कसारा घाट सुरू झाला. पळस पेटलेला, बाकी डोंगर करपलेले. आमचा चालक घोटीचा. आरशातून मागे बघत तो म्हणाला, "दादा, टोपी काढ की. वारं लागू दे डोक्याला. नायतर केस लय हळू येत्यात."

चिन्मयने टोपी आणखी खाली ओढली. "आपण उद्या काढणार आहे," असं त्याने खिडकीला सांगितलं.

बंदरावर पोचलो आणि आम्ही चौघंही माना वर करून बघत राहिलो. बोट मी सिनेमात पाहिली होती, पण पायथ्याशी उभं राहून नाही. चौदा वर्षांची माझी लेक रेवा, जिला हल्ली कशाचंच कौतुक वाटत नाही, ती मजले मोजता मोजता दोनदा चुकली. आत गालिचे, काचेची लिफ्ट, आणि सगळीकडे थंडगार हवा. मुलांना घेऊन जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला : स्वेटर घ्या. समुद्रावर उकडतं या समजुतीने आम्ही एकही घेतला नव्हता.

किनारा दिसेनासा झाला, फोनची रेंज गेली, आणि मंजिरीने कोट टांगून ठेवायला मरून बॅग उघडली.

आत होते दोन कद (सोवळ्यात नेसायचं रेशमी वस्त्र), दोन उपरणी, ताम्हन, पळी, दर्भाची जुडी आणि चंदनाचं खोड.

आमच्या घरात बॅगा विकत आणायची वेळ येत नाही, यजमान देतात. गेल्या वर्षी एका सुखवस्तू यजमानाने अण्णांना एकसारख्या दोन मरून बॅगा दिल्या. एक अण्णा रोज घाटावर नेतात, दुसरी मंजिरीने कपडे भरून तिच्याच शेजारी दाराशी ठेवली होती. आणि उचलली मी. भिक्षुकाचा मुलगा एवढी एकच चूक करू शकतो, आणि ती मी नेमकी केली.

मंजिरीने बॅग पुन्हा तळापर्यंत उपसून पाहिली. रेवाचा फ्रॉकही तिकडेच राहिला होता. ती म्हणाली, "आईचा पंजाबी ड्रेस घालीन, पिना लावून." चिन्मय पलंगावर बसला होता. तो फक्त म्हणाला, "मग मी जात नाही." त्या रात्री वरच्या मजल्यावर पावभाजीपासून इडलीपर्यंत सगळं मांडलेलं होतं, आणि माझ्या मुलाने टोपी घालून, भिंतीकडे तोंड करून दोन घास खाल्ले. मला माझीच चीड आली.

सकाळी गोवा. पाणी हिरवट, वर नारळांची रांग, आणि रेंज आल्याबरोबर अण्णांचे सात फोन. मी लावला.

"अरे, यजमान कमरेएवढ्या पाण्यात उभा," अण्णा म्हणाले, "आणि मी पिशवीतून काढतोय सोनेरी गुंड्यांचा कोट! शेजारच्या गुरुजींचं धोतर मागून नेसलो. अख्खा घाट हसला."

मी माफी मागितली आणि चिन्मयसाठी कपडे शोधायला जातो म्हणालो. पणजीत आम्ही अक्षरशः वणवण केली. जिथे जाऊ तिथे नारळाची झाडं छापलेले शर्ट आणि अर्ध्या चड्ड्या. नऊ वर्षांच्या मुलाची पूर्ण पँट गोव्याच्या बाजारात नसतेच बहुधा. एका दुकानात मिळेलशी आशा वाटली, तेवढ्यात मालकाने दार ओढून घेतलं.

"आता चार वाजता," तो हसून म्हणाला. "जेवण, मग झोप."

चारला आम्हाला बोटीवर हजर व्हायचं होतं. दुपारच्या झोपेचा हा गोव्याचा रिवाज मला एरवी फार सुज्ञपणाचा वाटला असता.

परतताना मी पुन्हा अण्णांना फोन केला. विचारायला जीभ वळत नव्हती. "अण्णा, तुमचा कद त्याला नेसवला तर? नियमात पारंपरिक पोशाख चालतो. पण हॉलमध्ये कोण कुठले लोक, सोवळं काही राहणार नाही."

 मग अण्णा म्हणाले, "सोवळं धुता येतं रे. पोराच्या मनातलं नाही धुता येत. पण एक सांगतो, त्याच्यावर जबरदस्ती करू नकोस. मी तुझ्यावर केली होती, तर तू कात्री शोधलीस."

मी जेटीवर तसाच उभा राहिलो. पाचवीत असताना मी कंपासमधल्या कात्रीने स्वतःची शेंडी कापली होती आणि घरी सांगितलं होतं की वर्गातल्या पोरांनी कापली. तीस वर्षं मला वाटत होतं की ते खोटं पचलं. अण्णांनी त्या दिवशीही मला काही विचारलं नव्हतं, वाढलेल्या पानावर बस एवढंच म्हणाले होते.

खोलीत आल्यावर मी चिन्मयसमोर कद ठेवला. "तुला नको असेल तर आपण वर जाऊ, टोपी घालून जेवू. मी तुझ्यासोबत येईन."

त्याने रेशमावरून हात फिरवला. "आजोबा रोज जेवायला हे का नेसतात?"

"त्यांच्या मते जेवण म्हणजे यज्ञ. यज्ञाला तयार होऊन बसायचं असतं."

"मग तू का नाही नेसत?"

मंजिरी आणि रेवा दोघी माझ्याकडे बघत होत्या. "मला लाज वाटायची," मी म्हणालो. "तुझ्याएवढा असताना. म्हणून मी शेंडी पण कापून टाकली होती."

त्याचे डोळे मोठे झाले. "आजोबा ओरडले?"

"नाही."

"अजून लाज वाटते तुला?"

"थोडी वाटते."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "तू एक नेस. मी एक नेसतो. पण दारापर्यंत टोपी घालणार."

कद नेसायला मला वीस मिनिटं लागली. हात विसरले होते, कासोटा दोनदा सुटला. चिन्मयचा तर दुहेरी घडी घालूनही घोळत होता. मंजिरीने कमरेला रेवाच्या केसांची रिबन बांधली. पायात दोघांच्याही खेळायचे बूट, कारण चपलांना बंदी. वर उपरणं आणि त्याच्या डोक्यावर निळी टोपी. आरशात बघून रेवा इतकी हसली की तिच्या ड्रेसची एक पिन निघाली.

हॉलच्या दाराशी सफेद हातमोजे घातलेला वाढपी उभा होता. आमच्याकडे बघून तो क्षणभर थबकला, मग शुद्ध मराठीत म्हणाला, "या, साहेब. मी मालवणचा. तेवढी टोपी मात्र इथे द्यावी लागेल, जाताना देतो."

चिन्मय माझ्याकडे बघेना, कुणाकडेच बघेना. मागे माणसं थांबली होती. मला वाटलं, आता हा वळणार, आणि वळला तर मी त्याला अडवणार नव्हतो. तेवढ्यात त्याने स्वतःच टोपी काढली आणि त्या पांढऱ्या हातमोज्यात ठेवली. महिन्याभराचे खुंट आणि मधोमध शेंडी. तो ताठ मानेने आत गेला, एका हाताने कद सावरत.

आमच्या गोल टेबलावर सुरतेचं एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा चिन्मयएवढाच, गळ्याला लाल बो. तो बराच वेळ शेंडीकडे बघत राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "इसको खींचने से क्या होता है?"

मी खुर्ची पुढे ओढली.

"कुछ नहीं," चिन्मय म्हणाला. "दुखता है."

लाल बो गंभीरपणे मान हलवत म्हणाला, "ये भी दुखता है," आणि त्याने गळ्यातला बो बोटाने सैल केला. दोघंही हसले.

सूप आलं. मालवणचा वाढपी वाढायला वाकला तर चिन्मयने हात वर केला. "थांबा काका." त्याने पेल्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि ताटलीभोवती फिरवलं, अर्धं पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडलं. मग चित्राहुती घालायला (जेवणाआधी पानाशेजारी ठेवायचे भाताचे कण) भात नव्हता, म्हणून त्याने पावाचे पाच तुकडे मोडून ओळीने मांडले. पावाची चित्राहुती! अण्णा असते तर कपाळाला हात लावला असता, किंवा कदाचित नसताही. त्याने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. सुरतेच्या लोकांनी उचललेले चमचे खाली ठेवले. सगळं टेबल त्याच्यासाठी थांबलं.

डोळे उघडून तो म्हणाला, "हां, वाढा आता."

मग तो जेवला. सूप, मटारचा पुलाव, पनीर, दोन वेळा आइस्क्रीम. मी मात्र फारसं खाल्लं नाही, नुसता त्याचा घास बघत बसलो. मंजिरीने टेबलाखाली माझा हात धरला होता. मला रडू येत होतं आणि रुमाल ठेवायला कदाला खिसा नसतो.

तिसरा दिवस नुसता समुद्राचा. दोन्ही पोरं वरच्या मजल्यावर उंडारली, चिन्मयची टोपी रेवाच्या डोक्यावर. मी खोलीच्या बाथरूममध्ये दोन कद धुतले आणि झटकून आत दोरीवर वाळत घातले.

मुलांनी बोटीवर जेवायला काय घालावं, असं आता मला ऑफिसात विचारतात. मी सांगतो, पूर्ण पाय झाकतील असे कपडे, बंद बूट आणि स्वेटर. आणि पोरांना काय घालून चारचौघांत बसवेल ते त्यांनाच विचारा. आम्ही आधी कोट ठरवला आणि मग विचारलं.

घरी पोचलो तेव्हा अण्णा दारातच होते, आणि शेजारी खुंटीला निळा कोट, एकही घडी न मोडलेला. मी त्यांच्यापुढे मरून बॅग ठेवली. "अण्णा, कद धुतलेत. पण पावाची चित्राहुती झाली."

"पाच घातल्या की तीन?" अण्णांनी नातवाला विचारलं.

"पाच."

"मग ठीक आहे." त्यांनी दोन्ही बॅगा शेजारी ठेवून पाहिल्या. "यांच्यातल्या एकीला काहीतरी खूण बांधा रे. यजमानाला पाण्यात किती वेळ उभं करू?"

मंजिरी सुतळी शोधायला आत गेली. चिन्मयने मात्र थोडा वेळ बघितलं, खिशातून निळी टोपी काढली, तिचा मागचा पट्टा कपड्यांच्या बॅगेच्या मुठीतून घातला आणि घट्ट ओढला. मग हात धुऊन पानावर येऊन बसला.