सातला उठणारी वहिनी

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, गोंदियातल्या एका हॉटेलच्या मॅनेजरसमोर. मी दारातच उभी होते, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

हॉटेलला नाश्त्याच्या स्वयंपाकघरात बाई हवी होती. पहाटे साडेपाच ते दुपारी एक. वहिनीच्या मापाचंच काम: दुपारून धानाच्या शेतात, बांधीत उतरता आलं असतं आणि लग्नानंतर पहिल्यांदा पगार तिच्या स्वतःच्या हातात पडला असता. अट एकच, थोडं इंग्रजी. बिरसीच्या विमानतळावरचे पाहुणे तिथे उतरतात ना! त्यांच्या पोह्यांत मीठसुद्धा इंग्रजीतूनच घालावं लागत असणार.

म्हणून स्टेशनजवळचा स्पोकन इंग्लिशचा क्लास. वहिनी शिकायला, मी सोबतीला. पहिला धडा, डेली रूटीन. पुस्तकातला गृहस्थ सातला उठतो, शॉवर घेतो, टोस्ट खातो, पेपर वाचतो, कारने ऑफिसला जातो. त्याचा टोस्ट कोण भाजतं, ते पुस्तकात नाही. क्लासात बिड्या वळणाऱ्या बाया होत्या, राइस मिलवरची पोरं होती. सगळे त्या गृहस्थामागे एका सुरात सातला उठत होते.

वहिनीनं हात वर केला. "सर, आमी चारले उठतो. गोठा झाडतो, दूध काढतो, मंग सयपाक. हे कसं म्हनाचं?"

क्लास हसला. सर समजुतीनं म्हणाले, "मॅडम, गोबर-वोबर इंटरव्ह्यू में नहीं चलता. इम्प्रेशन खराब होता है. जो किताब में है, वही आपका रूटीन."

"पन सातले त आमचा अर्धा दिवस होऊन जाते!"

"इंग्लिश में नहीं होता," सर म्हणाले.

मी पत्रकं लिहिते, भिंतीवर चिकटवतेही. एवढं स्पष्ट राजकीय विधान मला आजवर साधलेलं नाही.

मग वहिनी चुलीपुढे फुंकणी हातात धरून 'आय टेक अ शॉवर' घोकू लागली. भाऊ अंगणातून ओरडला, "काऊन वो, नळाले पानी नाई आन् शॉवर कोठचा?"

"तुमी लावा ना मंग. मी वाक्य त पाठ केलं!"

पाठ तर असं केलं, की मॅनेजरनं रूटीन विचारताच ती कुठेही अडखळली नाही. सातला उठली, शॉवर घेतला, टोस्ट खाल्ला. मॅनेजर खूश. "इंग्लिश बढ़िया है आपकी. लेकिन हमारी शिफ्ट साढ़े पाँच से है. आप तो सात बजे उठती हैं."

वहिनीचा चेहरा उतरला. "नहीं साहब, मैं चार बजे उठती हूँ."

"तो अभी झूठ बोला?"

खरं बोलली तर खोटारडी, गप्प बसली तर आळशी. जी बाई रोज घरातल्या सगळ्यांच्या आधी उठून त्यांना उठवते, ती उशिरा उठते म्हणून नापास झाली.

मी तडक क्लास गाठला. सर शांत. "इंग्लिश में गलती हुई क्या? नहीं ना. फिर?" पोळा होताच क्लासच्या बोर्डावर खडूनं नवीन ओळ आली: आमची विद्यार्थिनी थेट इंटरव्ह्यूपर्यंत!

मी पत्रकाचा मसुदा काढला. वहिनी म्हणाली, "बाई, तुया कागद राहू दे. मले माया उठन्याचं इंग्रजी पाहिजे."

पुढच्या तासाला सरांनी पुन्हा सात वाजवले, तेव्हा ती उभी राहिली. "सर, फळ्यावर चार लिवा."

"बैठ जाइए मॅडम."

ती बसली नाही. तेव्हापासून प्रत्येक तासाला ती उभीच असते. फी भरलेली आहे, सर हाकलू शकत नाहीत. आता तिच्या बाकावरच्या बिडीवाल्या मावशीही उभ्या राहू लागल्या आहेत. हॉटेलच्या दारावर 'बाई पाहिजे'ची पाटी अजून आहे, आणि पुन्हा तिथे जाताना वहिनीला स्वतःचा दिवस घेऊन जायचाय.

तुम्हीही अशाच एखाद्या क्लासात बसून, दुसऱ्याच्या घड्याळानं उठत असाल. उद्या जागेवरून उठा. तुमची खरी वेळ मोठ्यानं सांगा, आणि ती फळ्यावर लिहिली जाईपर्यंत खाली बसू नका.