काट्यापाशी उभा राहणारा

आमच्या अग्निशमन केंद्रात त्याला सगळे काटा म्हणत. बंबाच्या कडेला पाण्याचा दाब दाखवणाऱ्या तबकड्या असतात, त्यांच्या काट्यांवरून त्याची नजर हलत नसे, म्हणून. आम्ही पाइप घेऊन आत शिरणारे, त्यामुळे कौतुक सगळं आमचं. काटा मात्र वर्षानुवर्षं बाहेरच. "आग विझवायला जाता की बघायला?" असं त्याला बायकोसुद्धा चिडवायची. तो म्हणायचा, "यांचं पाणी माझ्या हातात आहे, म्हणून तर हे शूर." बोलायचा ते खरंच होतं, आणि नेमकं तेच आम्हाला झोंबायचं.

पाहुणा म्हणून कुठे गेला तरी हा आधी दारं बघणार. थोरल्या बहिणीला तर त्याने नुसतं पिडलं होतं. "ताई, आग लागलीच तर दार एकदम उघडायचं नाही. हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं. गरम लागलं तर बंदच ठेवायचं, फटीत ओलं कापड कोंबायचं आणि जमिनीलगत पडून राहायचं. आम्ही येतो." ताई म्हणायची, "याला कुणीतरी आधी वाढा गं, म्हणजे तोंड तरी बंद होईल."

एका दुपारी वर्दी आली ती ताईच्याच घराची. खाली गाद्यांचं दुकान, वर घर, आणि वर जायला दुकानाशेजारचा एकच अरुंद जिना. फोमच्या गाद्या पेटल्या होत्या. काळा, दाट धूर जिन्यातून वर चढत होता. ताईचे यजमान बाहेर गेले होते म्हणून वाचले, ते रस्त्यात उभं राहून ओरडत होते, "ती मागच्या खोलीत आहे!" त्या खोलीला रस्त्याकडे खिडकी नव्हती. मागे शेजारच्या इमारतीची भिंत. म्हणजे शिडीचा उपयोग शून्य.

एका पथकाने दुकानावर पाणी धरलं. मी आणि माझा जोडीदार पाठीवर हवेची नळकांडी बांधून, पाइप ओढत जिन्याने वर गेलो. धुरात स्वतःचा हात दिसत नव्हता. गुडघ्यांवर रांगत, एक हात भिंतीला लावून सरकत होतो. भिंत सोडली की माणूस चार भिंतींतही हरवतो.

बाहेर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. कोपऱ्यावर बंबाला पाणी घ्यायचा नळ होता, पण नुकताच रस्ता गुळगुळीत केला होता आणि नळाच्या झाकणावरूनच डांबर फिरवलेलं. ज्याने ते केलं त्याला मी आजही शिव्या घालतो. दोघंजण पहारीने रस्ता फोडत होते. दुसरी गाडी वाटेत होती. बंबाची टाकी रिकामी होत आली होती. काट्याने दुकानावरचा पाइप बंद करून सगळं पाणी आमच्याकडे वळवलं, तरी तबकडीवरचा काटा खाली येतच राहिला.

अशा वेळी पंपावरच्या माणसाने लांब हॉर्न द्यायचा, आणि तो ऐकला की आतल्याने जिथे असेल तिथून मागे फिरायचं. यात वाद नाही. पाण्याशिवाय आत थांबलेला माणूस कुणाला वाचवत नाही, आणखी एक अडकलेला होतो.

त्याचा हात हॉर्नकडे जाताना भाऊजींनी मनगट धरलं. "अरे, तुझी बहीण आहे आत!"

"आत माझी दोन माणसं आहेत, भाऊजी," तो म्हणाला. आणि त्याने हॉर्न दाबला.

आम्हाला तो ऐकू आला तेव्हा मागच्या खोलीचं दार नुकतंच हाताला लागलं होतं. चाचपलं. तापलेलं होतं. जोडीदाराने माझा खांदा ओढला, आणि पाइप हातात ढिला पडत गेला. पाइपाच्याच मागोमाग चाचपडत आम्ही खाली आलो. बाहेर आलो तेव्हा काट्याने आमच्याकडे पाहिलं नाही. तो रिकाम्या पंपाजवळ उभा होता आणि त्याला करायला काहीच उरलं नव्हतं. इतका लाचार माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुसरी गाडी आली, पाणी आलं, आम्ही पुन्हा वर गेलो. छत पडलं नव्हतं, जिनाही शाबूत होता. ताई दाराआड जमिनीलगत पडली होती. फटीत ओली चादर नीट ठासून भरलेली. सगळं त्याने सांगितलं तसंच केलं होतं तिने. पण छपराच्या पोकळीतून धूर आला होता. तिचा श्वास थांबला होता, अंग अजून कोमट होतं.

साहेब म्हणाले, निर्णय योग्य होता. सगळेच म्हणाले. माझी बायको तर काट्याच्या पाया पडायला निघाली होती, मीच अडवली. कुठल्या तोंडाने जाणार होतो?

तेरावा उलटल्यावर भाऊजी केंद्रावर आले. काटा बंब पुसत होता. त्यांना पाहून तो उभा राहिला, पण पुढे झाला नाही.

"त्या दिवशी आत कोण होतं?" भाऊजींनी विचारलं.

काट्याने आमच्याकडे बोट केलं. भाऊजींनी मला पाहिलं, मग माझ्या जोडीदाराला. मग आमच्या मागे पाहिलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

"दोघंच?"

"दोघंच," काटा म्हणाला.